किल्ली ठेवून जाऊ नका

"मॅडम, किल्ली तेवढी देऊन ठेवा. तुम्ही तुमच्या कामाला जा, संध्याकाळी येऊन बघा."

२०१६ साली आमच्या बाथरूमचं काम उक्तं घेतलेल्या ठेकेदाराचं हे वाक्य. तेव्हा ते मला फार सोयीचं वाटलं होतं. मी सहकारी बँकेत काउंटरवर, नवरा चाकणला पाळीवर, सासूबाई तेव्हा गावी दिरांकडे. घरात दिवसभर थांबणार कोण? किल्ली दिली. नऊ दिवस रोज संध्याकाळी साडेसहाला येऊन आम्ही काम बघत होतो. खरं तर त्या दिवशी जे जे झाकलं गेलं, त्याच्यावरचं झाकण बघत होतो. फरशी चकाकत होती, नळ नवे होते, भिंती सरळ दिसत होत्या. उरलेले पैसे देऊन टाकले.

दीड वर्षानं खालच्या काकू वर आल्या. त्यांनी भांडण केलं नाही. मला हाताला धरून दुसऱ्या मजल्यावर नेलं आणि बाथरूमला लागून असलेली भिंत दाखवली. त्या भिंतीवर त्यांचा देव्हारा. देव्हाऱ्याच्या वर रंगाचे पोपडे सुटले होते आणि एक पिवळसर ओघळ थेट खाली, बाळकृष्णाच्या मागपर्यंत आला होता. "रोज पुसते गं," एवढंच म्हणाल्या. माझ्या न्हाणीघरातलं पाणी त्यांच्या देवापर्यंत पोचलं होतं. तो ओघळ मी अजून विसरलेले नाही.

पुढची सहा वर्षं मलमपट्टीत गेली. फरश्यांच्या सांध्यांत ग्राउट भर, वरून कसलंसं रसायन लाव, चार महिने बरं, पुन्हा ओल. शेवटी २०२४ च्या डिसेंबरात सगळं बाथरूम फोडायचं ठरवलं. कोथरूडमधली आमची इमारत १९८८ ची, तीन मजली, लिफ्ट नाही. अशा जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा साधारण फूटभर खोल घेतलेला असतो. त्या खळग्यात विटांचे तुकडे मसाल्यात नीट बसवून, उतार काढून कोबा करायचा असतो. आमचा खळगा उघडला तेव्हा आत कोबा होताच कुठे? जुन्या फरशीचे तुकडे, गिलाव्याची ढेकळं, एक फुटका कमोडचा कोपरा, गुटख्याच्या पुड्या आणि एक अख्खी सिमेंटची रिकामी गोणी. २०१६ साली फोडलेलाच राडारोडा तीन मजले खाली न्यायचा त्रास वाचवून आमच्याच पायाखाली भरला होता. नहाणी ट्रॅपच्या भोवतालची फट पांढऱ्या सिमेंटनं वरवर बुजवलेली. सगळं ओलंचिंब, कुबट.

हे ज्या दिवशी भरलं गेलं, त्या दिवशी घरात आमच्यापैकी एक जण जरी असता, तर ते भरलं गेलं नसतं, असं मी खात्रीनं म्हणते. भरणाऱ्या मजुरांवर माझा राग नाही. त्यांना वरून सांगितलं ते त्यांनी केलं. उक्तं काम म्हणजे जितक्या लवकर आटपेल तितका ठेकेदाराचा फायदा, आणि खाली नेलेली प्रत्येक गोणी म्हणजे त्याचा खर्च. ते हिशेबानं झालं. आमचा हिशेब मांडायला तिथे कुणी नव्हतं.

म्हणून या वेळी आम्ही दोघांनी रजा टाकल्या. अकरा दिवस काम चाललं. सहा दिवस मी थांबले, पाच दिवस नवरा. मुद्दाम सांगते, कारण "घरी कुणीतरी असायला हवं" या वाक्यातलं कुणीतरी म्हणजे आपल्याकडे घरातली बाई असते. तिची रजा आपोआप धरली जाते. आणि बाई नोकरी करत असेल तर मग घरातलं म्हातारं माणूस. सासूबाई म्हणाल्याही होत्या, "मी बसते की लक्ष ठेवून." त्यांचं वय ७८. फरशी कापताना जी पांढरी धूळ उडते तिच्यात सिलिका असते, ती फुप्फुसात जाऊन बसते. त्या धुळीत त्यांना खुर्ची टाकून बसवणं आम्हाला पटलं नाही. दिवसभर त्या समोरच्या बिऱ्हाडात राहिल्या. आणि कटर चालवणाऱ्याला आम्ही पाण्याची धार लावून, बाल्कनीतच कापायला सांगितलं. त्याच्याकडे साधा रुमालही नव्हता. मास्क आणून दिले. तो आधी नको म्हणाला, मग लावला.

घरी थांबून काय केलं? पहिल्या दिवशी सुरुवात चुकीची झाली. मी मिस्त्रींच्या मागे जाऊन उभी राहिले. आधीच्या फसवणुकीचा काटा मनात होताच. ते भिंतीला ओळंबा लावत होते, मी बघत होते. ते दोरी ताणत होते, मी बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी थापी घमेल्यात ठेवली, वळून माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही आत बसा. विचारायचं असलं की हाक मारतो. झाकायच्या आधी प्रत्येक गोष्ट दाखवतो." मला ते लागलं, पण त्यांचं बरोबर होतं. पंचवीस वर्षं फरशीकाम करणाऱ्या माणसाच्या मानेवर श्वास सोडत उभं राहिलं की त्याचा हात अडतो. मी आतल्या खोलीत जाऊन बसले. आणि त्यांनी शब्द पाळला. त्या एका दिवसात त्यांनी मला चौदा वेळा हाक मारली.

त्या चौदा हाका हेच माझं सगळं म्हणणं आहे. आख्खी फरशी दारापासून लावायला घेऊ की खिडकीकडून, म्हणजे कापलेला तुकडा कुठे येईल? उंबरा किती उंच ठेवू, म्हाताऱ्या माणसाचा पाय अडेल का? गीझरचा पॉइंट याच भिंतीवर ठेवायचा की शॉवरपासून लांब घ्यायचा? बटणं दाराच्या आत की बाहेर? आरसा कुणाच्या उंचीनं? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिस्त्रींना ठाऊक असणं शक्य नव्हतं, कारण या घरात राहतो आम्ही. आणि यातला एकही प्रश्न फोनवर सुटला नसता. काउंटरवर समोर रांग असताना "मॅडम, डावीकडून घेऊ का उजवीकडून?" याला मी काय उत्तर देणार होते? वर सिमेंट कुणासाठी थांबत नाही. कालवल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते धरायला लागतं. तुमचा फोन लागला नाही तर मिस्त्री त्याला योग्य वाटेल तसं करून मोकळा होतो. त्याला दुसरा मार्ग नसतो. मग आपण म्हणतो, यांना काही कळत नाही.

नळाचीच गोष्ट घ्या. २०१६ साली खालचा नळ इतका खाली बसवला होता की आमची बादली त्याखाली सरळ बसायची नाही, तिरकी करावी लागायची. आठ वर्षं रोज सकाळी बादली तिरकी. या वेळी प्लंबरनं झिरी मारायच्या आधी विचारलं, "भाभी, नल कितने पे लूँ?" मी आतून घरातली सगळ्यात मोठी बादली आणली आणि भिंतीशी ठेवली. त्यानं बादलीवर चार बोटं धरली, खूण केली, झालं. मिनिटभराचं काम. हा प्लंबर ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातला. देशभरात नळकाम करणारी माणसं त्या एका जिल्ह्यातून मोठ्या संख्येनं जातात, तिथल्या पट्टामुंडाईला नळकाम शिकवणारी सरकारी संस्थाही आहे, हे मला त्याच्याशी बोलताना कळलं. घराघरातल्या बादल्यांची उंची मात्र कुठल्याही संस्थेत शिकवत नाहीत. ती घरच्यानंच आणून दाखवावी लागते.

माझ्या नवऱ्याच्या दिवसांतली एक गोष्ट मला जास्त आवडते. सासूबाईंसाठी भिंतीला धरायची दांडी लावायची होती. दांडीच्या खिळ्यांची जागा फरशी लागायच्या आधी ठरवावी लागते, नाहीतर मागून पाइप जातोय का वायर याचा पत्ता राहत नाही. मिस्त्री म्हणाले, साधारण अडीच-तीन फुटांवर लावतात. नवऱ्यानं समोरून आईला बोलावलं, उघड्या विटांच्या त्या बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल ठेवून तिला बसवलं आणि म्हणाला, "ऊठ." त्या उठल्या. उठताना हात आपोआप भिंतीवर जिथे गेला, तिथे मिस्त्रींनी पेन्सिलनं फुली मारली. "आजी, परत एकदा." परत फुली, दोन बोटं अलीकडे. तिसऱ्यांदा दोन्हींच्या मधे. तिथेच दांडी बसली. आज त्या रात्री एकट्या उठून जातात.

जिथे सगळ्यात जास्त पैसा आणि त्रास वाचतो, तो दिवस मात्र काहीच न घडण्याचा असतो. कोबा झाला, त्यावर पाणीरोधक थर लागला, तो भिंतीवरही फूटभर चढवला. मग नहाणी ट्रॅपला बोळा लावून बाथरूमभर पाणी साठवायचं आणि दोन दिवस हात लावायचा नाही. मिस्त्रींनी पाण्याच्या कडेनं भिंतीवर खडूची रेघ ओढली. उक्त्या कामात हेच दोन दिवस कापले जातात, कारण त्या दिवसांत माणसं रिकामी बसतात. मी रात्री दोनदा उठून बॅटरीनं रेघ बघितली. सकाळी खाली जाऊन काकूंच्या भिंतीला हात लावून आले. दुसऱ्या दिवशी काकूच वर आल्या, गुडघे धरत, आणि दारात उभं राहून पाणी बघत बसल्या. ४८ तासांनी पाणी रेघेच्या जेमतेम केसभर खाली होतं, तेवढं वाफेनं जातंच. बोळा काढला तेव्हा पाणी एका कोपऱ्यातही न रेंगाळता गेलं. मिस्त्री काही बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. त्यांनाही कुणीतरी ते बघायला हवं होतं, असं मला वाटलं. चांगलं काम करणाऱ्याचं निम्मं कसब फरशीखाली गाडलं जातं आणि दाद मिळते ती फरशीच्या रंगाला, आणि तो रंग तर त्यानं निवडलेलाही नसतो.

आता विरुद्ध बाजूचं बोलते. घरी थांबा असं सांगणारे बहुतेक जण ते चोरीच्या भीतीनं सांगतात. "लक्ष ठेव हो, कोण कुठले असतात." मला हे मान्य नाही. दागिने लॉकरमध्ये ठेवा, कपाटाला कुलूप लावा आणि तो विषय मनातून काढून टाका. संशयानं थांबलेलं माणूस हातांकडे बघतं, कामाकडे बघत नाही. आमच्या शेजाऱ्यांनी सुचवलं की रजा कशाला घालवता, कॅमेरा लावा, मोबाइलवर दिसतं. दिसत असेल. पण कॅमेऱ्यासमोर बादली आणता येत नाही. शिवाय दिवसभर डोक्यावर कॅमेरा घेऊन काम करायचं आणि विचारायला मात्र घरात कुणी नाही, ही वागणूक मी माझ्या बँकेत सहन करणार नाही, मग माझ्या घरात दुसऱ्याला कशी देऊ?

एकट्या बाईला अनोळखी चार माणसांबरोबर दिवसभर घरात थांबायची भीती वाटते, हे मात्र खरं आहे आणि त्याला हसण्यावारी नेऊ नये. माझ्या दिवसांत मी दार सताड उघडं ठेवत होते आणि समोरच्या वहिनींचंही उघडं असायचं. ज्यांना तीही सोय नाही, त्यांनी शनिवार-रविवारी घरात दोघं असतील असंच काम धरावं, लांबलं तरी चालेल.

ज्यांना अकरा दिवस रजा मिळत नाही त्यांचं काय? बहुतेकांना मिळत नाही, मला कल्पना आहे. रोज थांबायची गरजही नाही. फोडाफोडीच्या दिवशी सकाळी तासभर असलात तरी पुरे. रंगाच्या दिवशी तर खुशाल जा. पण जे काम झाकलं जाणार आहे, त्या दिवशी घर सोडू नका. पाइप टाकून झाल्यावर आणि झिऱ्या बुजवायच्या आधी हातपंपानं दाब देऊन रात्रभर ठेवतात, तो दिवस. वायरी ओढल्यावर हिरवी वायर प्रत्येक बोर्डापर्यंत खरंच पोचली का, हे वायरमन उघडून दाखवतो तो दिवस. कोब्याचा दिवस, आणि पाणी साठवलेले दोन दिवस. भिंत बुजवण्याआधी तिला टेप लावून फोटो काढून ठेवा, पुढे खिळा ठोकताना उपयोगी पडतो. आणि गिलाव्यावर पाणी मारायचं काम ठेकेदाराच्या भरवशावर सोडू नका. निदान सात दिवस, हल्लीच्या मिश्र सिमेंटला दहा दिवस ते मारावं लागतं आणि नुसतं पाणी मारायला कोथरूडला कुणी येत नाही. मी आणि नवरा सकाळ-संध्याकाळ मगानं मारत होतो.

आणखी एक गोष्ट, जी मी घरी थांबले नसते तर मला कधीच दिसली नसती. फोडाफोडीचे दोन दिवस एक बिगारी बाई होती, नांदेडकडची, मुखेड तालुक्यातली. तिनं आणि तिच्या दिरानं दोन दिवसांत ८४ गोण्या राडारोडा तीन जिने उतरवून खाली नेला. डोक्यावर चुंबळ, त्यावर गोणी, एका हातानं कठडा. मी भरून ठेवलेल्या तांब्याला तिनं दुपारपर्यंत हात लावला नाही. तोंड धुतलं, पदर भिजवून मानेवर फिरवला, पण प्याली नाही. मी आग्रह केला तेव्हा खालच्या आवाजात म्हणाली, "सांजंपर्यंत पेत नाही ताई. जायाचं कुठं?"

आमच्या जुन्या घरात संडास वेगळा आहे, तो चालू होता. मी तिला दाखवला. पहिल्या दिवशी ती गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच आतला दिवा लावून, दार उघडं ठेवून, साबण समोर ठेवून स्वयंपाकघरात निघून गेले. मग गेली. त्यानंतर तांब्या दोनदा भरला.

आमच्या सोसायटीच्या जिन्यात पाटी आहे, कामगारांनी सोसायटीच्या नळाचा व स्वच्छतागृहाचा वापर करू नये. दुपारी दोन ते चार ठोकाठोकी बंद, हा नियम तिच्याच खाली आहे. आमच्या झोपेची काळजी त्या पाटीत आहे. १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी कायदा झाला, त्यात कामाच्या जागी पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह द्यायची तरतूद होती, पण स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं काम करवून घेणाऱ्याला त्या कायद्यातून वगळलं होतं. म्हणजे आमच्या तिसऱ्या मजल्यावर कुणी निरीक्षक येणार नव्हता. कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दोन दिवस आमच्याकडे, तीन दिवस आणखी कुठे, असं काम करणाऱ्या बाईनं तो कुणाकुणाकडून गोळा करायचा? तिनं पाणी प्यावं की नाही, हे त्या दोन दिवसांत फक्त घरात असलेल्या माणसावर अवलंबून होतं. किल्ली देऊन गेले असते तर दोन्ही दिवस ती तशीच राहिली असती आणि संध्याकाळी मी येऊन म्हणाले असते, वा, सगळं स्वच्छ केलंय.

मला घरी थांबायचं ते यासाठी. पाइपासाठी थांबले होते, हे खरं. पण माझ्या घरासाठी कुणी अंग मोडून काम करत असेल तर त्या घरात माझं माणूस हवं. उत्तर द्यायला हवं, पाणी द्यायला हवं, चुकलं तर तिथल्या तिथे सांगायला हवं, आणि चांगलं झालं तर तेही झाकण्याआधी बघायला हवं.

काकूंच्या भिंतीला गेल्या दिवाळीच्या आधी आम्ही आमच्या खर्चानं रंग लावून दिला. त्या दिवशी रंगाऱ्याबरोबर त्यांच्याकडे मी थांबले होते. त्यांनी देव दोन तास माझ्या मांडीवर ताटात दिले होते. आता पुढच्या महिन्यात आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. जिन्यातली ती पाटी काढावी आणि तळमजल्यावरचा वॉचमनचा संडास कामाला येणाऱ्या बायका-पुरुषांसाठी दिवसभर उघडा ठेवावा, असा लेखी ठराव मी दिला आहे. सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदक म्हणून खालच्या काकूंची.